अंबील आदल्या रात्री भिजते

लग्न होऊन धारवाडला आले तेव्हा चैत्र सुरू होता. माहेर मराठी, सासर कानडी. पहिल्याच दुपारी सासूबाईंनी पेला पुढे केला. "अंबली कुडी, बिसल भाळ अद." अंबील पी, ऊन फार आहे. घोट घेतला आणि हसू आलं. ही तर माझ्या आईचीच अंबील! आई नाचणीची करायची, इथे ज्वारीची, एवढाच काय तो फरक.

पुढे अशी जोड्यांची यादी वाढतच गेली. सासरी रामनवमीला पानक, कोसंबरी आणि मज्जिगे. माहेरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं आणि आंब्याची डाळ. भिजवलेल्या मूगडाळीत काकडी, खोबरं घातलं की कोसंबरी, हरभऱ्याची डाळ वाटून कैरी घातली की आंब्याची डाळ. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा झाल्यावर कोल्हापुरात रेणुकेची अंबील यात्रा भरते. भाषेची सीमा अंबिलीला कधी कळलीच नाही!

यामागचं शास्त्र साधं आहे. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं. ताक-मिठाची अंबील दोन्ही भरून देते. आंबवल्याने पीठ पचायला हलकं होतं.

कोरियातली तऱ्हा थोडी वेगळी. तिथे जुलै-ऑगस्टमधल्या तीन ठरावीक दिवशी 'सामग्येतांग' खातात. कोवळ्या कोंबडीत चिकट तांदूळ, लसूण आणि जिनसेंगची मुळी भरून केलेलं हे वाफाळतं सूप. काट्याने काटा काढावा तसा उष्णतेने उष्मा घालवायचा! नवल वाटायला नको. आपल्या पानकातही सुंठ-मिरी असतेच की.

मग हे सगळं आज का लिहायचं? गेल्या एप्रिलात भर तासाला एका विद्यार्थिनीला घेरी आली. सकाळपासून पोटात चहा-बिस्किट आणि एक कोल्ड्रिंक. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "अज्जी होती तोवर घरी अंबली असायची, मॅडम."

ते वाक्य मलाच लागलं. सासूबाई गेल्यापासून माझ्या घरी तरी गाडगं कुठे भरलं होतं? त्यांचं सगळं माप हातात होतं, मी कधी विचारलंच नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा मी वर्गात ज्वारी-नाचणीवर भाषणही दिलं होतं!

त्याच रात्री पीठ भिजवलं. दोनदा गुठळ्या झाल्या, तिसऱ्यांदा जमलं. माप असं: चार चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तीन वाट्या पाणी उकळा, त्यात ते हळूहळू ओता आणि सतत ढवळत दहा मिनिटं शिजवा. निवल्यावर आणखी ताक, मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरेपूड घाला. रक्तदाब असेल त्यांनी मीठ बेताने घ्यावं, मधुमेह असेल त्यांनी गुळाचं पानक टाळावं. आणि उन्हात कोणी बेशुद्ध पडलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

अंबिलीला खर्च नाही, लागते ती आदल्या रात्रीची आठवण. घरात अज्जी असेल तर आजच तिच्याजवळ बसा, माप विचारून घ्या. मराठीत विचारा नाहीतर कानडीत, अंबील तीच होईल.