गर्दीच्या वेळेचा टोल आणि लोकमताचा कौल
रस्ते, पथकर आणि नागरिक : लेखांक सहावा

राष्ट्रीय महामार्गांवरील पथकराचा, म्हणजेच टोलचा, दर कसा ठरतो याचे विवेचन मागील लेखांकात झाले. रस्त्याची लांबी, त्यावरील पूल व बाह्यवळणे आणि वाहनाचा प्रकार हे त्या दराचे आधार असून 2008 च्या शुल्क नियमांनुसार दरवर्षी 1 एप्रिलपासून महागाईशी जोडलेली वाढ त्यात केली जाते. चोवीस तासांत परतणाऱ्या वाहनाला मिळणारी सवलत सोडली, तर या हिशेबात घड्याळाला स्थान नाही. पुणे–सोलापूर मार्गावरील सावळेश्वर किंवा वरवडे नाक्यावर मध्यरात्री मोकळ्या मार्गिकेतून निघून गेलेल्या मोटारीच्या फास्टॅग खात्यातून जेवढी रक्कम वजा होते, तेवढीच दिवाळीच्या तोंडावर रांगेत ताटकळलेल्या मोटारीच्या खात्यातूनही वजा होते. हा दर वेळेनुसार आणि गर्दीनुसार बदलावा काय, आणि तो बदलल्यास लोक तो स्वीकारतील काय, हा या लेखांकाचा विषय आहे.

बदलत्या दराची मार्गिका म्हणजे जिचा टोल वर्दळीच्या वेळी वाढतो व रस्ता मोकळा असताना उतरतो अशी मार्गिका. तिच्यामागील तर्क असा की, वाहनांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की वेग कोसळतो आणि तोच रस्ता तासाभरात पूर्वीपेक्षा कमी वाहने पार करू लागतो. म्हणून ज्यांना वेळ बदलणे शक्य आहे अशा थोड्या वाहनचालकांना जरी दरामुळे मागेपुढे जावेसे वाटले, तरी उरलेल्या सर्वांची वाट सुरळीत राहते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मार्ग क्रमांक 91 वर डिसेंबर 1995 मध्ये अशा मार्गिका सुरू झाल्या आणि तेथे दिवसाच्या प्रत्येक तासाचा दर वेळापत्रकाप्रमाणे आधीच जाहीर होऊ लागला. सॅन दिएगोजवळच्या मार्गिकांवर 1998 पासून प्रत्यक्ष वर्दळ मोजून दर काही मिनिटांनी दर बदलण्याची पद्धत आली. दोन्ही ठिकाणी शेजारच्या विनाशुल्क मार्गिका कायम राहिल्या, आणि सॅन दिएगोत मिळालेल्या उत्पन्नातून त्याच मार्गावर बससेवा चालवली गेली. लोकमताच्या दृष्टीने या दोन गोष्टींचे महत्त्व यंत्रणेच्या कौशल्याहून अधिक आहे.

महाराष्ट्रातील लोकमताचा ओढा मात्र आजवर नेमका उलट दिशेने राहिला आहे. कोल्हापुरात शहरांतर्गत रस्त्यांसाठी 2013 मध्ये टोलवसुली सुरू झाली, तेव्हा एन. डी. पाटील यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जनआंदोलनापुढे ती टिकली नाही आणि 2015 च्या अखेरीस रद्द झाली. त्याच वर्षी राज्य शासनाने 12 नाके बंद केले व आणखी 53 नाक्यांवर हलकी वाहने आणि एसटी यांना सूट दिली. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. आषाढी वारीच्या काळात पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या वाहनांना पास देऊन, आणि गणेशोत्सवात कोकणाकडे निघालेल्यांनाही तशाच रीतीने, टोलमाफी दिली जाते. सोलापूर जिल्ह्यातील रस्त्यांवर वर्षातील सर्वांत मोठी गर्दी वारीचीच असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत यात्रेकरूंच्या वाहनांचा दर शून्यावर येतो. थोडक्यात, बदलता दर महाराष्ट्राला अपरिचित नाही. गर्दी वाढली की टोल उतरावा, हा येथील लोकभावनेचा आणि शासनव्यवहाराचा नियम आहे.

या भावनेला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. टोल म्हणजे रस्त्याच्या खर्चाची परतफेड, अशीच त्याची ओळख करून दिली गेली असल्यामुळे, ती परतफेड किती झाली आणि किती उरली हा हिशेब मागणे नागरिकाला स्वाभाविक वाटते; आणि रांगेत थांबावे लागले तर सेवा मिळालीच नाही, मग पैसे कशाचे, असा त्याचा सरळ प्रश्न असतो. गर्दीचा टोल हा मात्र खर्चाची परतफेड नसून, एका वाहनामुळे इतरांच्या वाया जाणाऱ्या वेळेची किंमत आहे. हा फरक स्पष्ट न करता केवळ दर वाढवला, तर लोक त्याला टोलधाडच म्हणतील, आणि तसे म्हणण्यात त्यांची चूक नसेल.

लोकमत बदलू शकते, याचा सर्वांत बोलका दाखला स्टॉकहोमचा आहे. तेथे शहरप्रवेशावरील वेळेनुसार बदलणारे शुल्क जानेवारी ते जुलै 2006 या काळात प्रायोगिक तत्त्वावर लावण्यात आले. आरंभी बहुसंख्य लोक विरोधात होते. परंतु शुल्कहद्दीवरील वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटल्याचे प्रत्यक्ष दिसल्यावर सप्टेंबरमधील सार्वमतात शहरवासीयांनी निसटत्या बहुमताने अनुकूल कौल दिला आणि 2007 मध्ये योजना कायम झाली. मतदान घेणाऱ्या शेजारच्या नगरपालिकांमध्ये मात्र एकूण कौल प्रतिकूल होता, कारण रोज बाहेरून येणाऱ्यांना भार अधिक जाणवत होता. एडिंबराने 2005 मध्ये प्रयोगाआधीच मत विचारले, आणि तेथे योजना मोठ्या फरकाने फेटाळली गेली.

सोलापूरला हे जसेच्या तसे लागू होत नाही. पुणे–सोलापूर महामार्ग चौपदरी आहे, म्हणजे एका दिशेला दोनच मार्गिका. त्यांतील एक महाग करणे म्हणजे उरलेल्या एकीत ट्रक, ऊस वाहून नेणारे ट्रॅक्टर, एसटी आणि दुचाकी यांना कोंबणे होय. शिवाय मोहोळ आणि माढा तालुक्यांतून रोज सोलापूरला येणाऱ्या माणसाला कामाची वेळ निवडण्याची मुभा नसते. त्यातच 15 ऑगस्ट 2025 पासून खासगी मोटारींना 3,000 रुपयांत 200 फेऱ्यांचा वार्षिक पास मिळू लागला आणि आरंभीच्या त्या दराने कोणत्याही वेळेची फेरी 15 रुपयांना पडत होती. अशा स्थितीत मोटारींसाठी बदलता दर आणणे व्यवहार्यही नाही आणि न्याय्यही नाही.

जड वाहनांची गोष्ट वेगळी आहे. सोलापुरात त्यांना ठरावीक वेळांत प्रवेशबंदी असते, केगाव–हत्तूर बाह्यवळण उपलब्ध आहे, आणि मालवाहतूकदाराला वेळ निवडण्याची काही प्रमाणात तरी मोकळीक असते. गर्दीच्या वेळी दर न वाढवता मोकळ्या वेळी तो कमी करणे, हा प्रयोग येथून सुरू करता येईल. मात्र त्यासाठी 2008 च्या नियमांत दुरुस्ती करावी लागेल आणि घटलेल्या उत्पन्नाचा भार शासनाने उचलायचा की ठेकेदाराने, हे आधीच ठरवावे लागेल.

म्हणून निष्कर्ष असा की, आधी सवलत, मग मुदतबंद प्रयोग, नाक्यावरच लावलेला जमा-खर्चाचा फलक आणि शेवटी तालुक्यांसह सर्वांचे मत, याच क्रमाने गेल्यास बदलत्या दराला येथे लोकमान्यता मिळू शकेल. हा क्रम मोडणारी कोणतीही योजना नागरिकांनी नाकारावी. पुढील लेखांकात टोलनाक्यांच्या जमा-खर्चाचा हिशेब कसा वाचावा, हे पाहिले जाईल.