बाहेर तीस अंश, आत नव्वद

डिसेंबर-जानेवारीत भामरागडच्या जंगलात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. हेमलकशाच्या रस्त्याकडेला रात्रभर दवात उभी असलेली जुनी डिझेल जीप अशा वेळी सेल मारला की नुसतीच घुरघुरते, पांढऱ्या धुराचे दोन-चार लोट सोडते आणि गप्प होते. १९७३च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना उभा केला, तेव्हा गावात वीज नव्हती आणि रुग्णाला खाटेवर घालून माणसं पायी येत. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या तर वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. आलापल्लीसारखं मोठं गाव इथून साठेक किलोमीटर. अशा मुलखात पहाटे गाडी पहिल्या झटक्यात सुरू होण्याला मोल असतं, आणि ते ज्याच्यावर अवलंबून असतं तो हीटर प्लग असतो जेमतेम बोटाएवढा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तीच प्रचंड तापावी आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपसूक पेटावं, ही रुडॉल्फ डिझेल यांची मूळ कल्पना. जुन्या जीपगाड्यांच्या इंजिनात हवा साधारण २१ पट दाबली जाते. आता हिशोब करून पाहू. बाहेर ४० अंश असतील, तर दाबलेली हवा कागदावर ६३५ अंशांपर्यंत जाते. बाहेर १० असतील, तर ५५०च्या आत राहते. म्हणजे बाहेर तीस अंशांचा फरक पडला, तर आत जवळजवळ नव्वदांचा! दाब हवेची ऊब वाढवतो तसा थंडीचा फरकही तिपटीने वाढवतो. मला या साऱ्या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

डिझेल आपोआप पेटायला सव्वादोनशे अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं, मग ५५० कमी कसे? कारण हा हिशोब कागदावरचा आहे. थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरी मलूल पडते, इंजिन सावकाश फिरतं. तेवढ्या वेळात हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते आणि गार लोखंड तिची उष्णता शोषून घेतं. प्यूजोच्या परवान्याने बनलेलं महिंद्राचं एक्सडीपी इंजिन किंवा सुरुवातीच्या टाटा सुमोचं इंजिन यांच्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी एका छोट्या खोलीत फवारलं जातं. या खोलीच्या भिंतींमुळे उष्णता आणखी गळते. म्हणून त्या खोलीत हीटर प्लगचं टोक डोकावतं. सगळी हवा तापवणं हे त्याचं काम नाही. फवाऱ्याची कड लागेल तिथे ८००-९०० अंशांचा एक निखारा धरून ठेवायचा, एवढंच. न पेटलेल्या डिझेलची वाफ म्हणजे तो पांढरा धूर.

खरी गोम वायरिंगमध्ये आहे. चार प्लग मिळून पन्नासेक अँपिअर ओढतात, घरातल्या बल्बच्या शेकडो पट. हा प्रवाह बॅटरीपासून डॅशबोर्डच्या चावीपर्यंत आणि परत इंजिनापर्यंत अडीच चौरस मिलिमीटरच्या चार मीटर वायरीतून नेला, तर जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जातात. त्यात पावसाळ्यांनी टर्मिनलवर चढवलेला हिरवा थर धरा, म्हणजे १२ पैकी १०च प्लगपर्यंत पोचतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे दोन व्होल्ट गेले की तीस टक्के ऊब गेली. वाहनमालक मात्र नवे प्लग घेत बसतो.

म्हणून जुन्या गाडीत करण्याजोगा बदल असा: चावी किंवा बटण फक्त रिलेला चालवील. पन्नास अँपिअरचा भार ७० अँपिअरचा रिले वाहील. बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि तिथून प्लगपर्यंत दहा चौरस मिलिमीटरची वायर टाकायची आणि बॅटरीजवळच मोठा फ्यूज बसवायचा. इंजिनाची अर्थ पट्टीही घासून घ्यायची, कारण परतीचा रस्ता तोच असतो. हा भार थेट साध्या बटणातून नेला, तर आधी बटण वितळतं, मग वायरीचं आवरण.

काही जुन्या गाड्यांत, १९८०च्या आधीच्या मर्सिडीज डिझेलमध्येही, प्लग दिवाळीच्या माळेसारखे एकामागून एक जोडलेले असत. एक गेला की चारही गेले. ती माळ मोडून प्रत्येक प्लगला स्वतंत्र वीज देता येते, पण जुने प्लग ठेवून नाही. ते एक-दीड व्होल्टचे असतात, बारा व्होल्ट मिळाले की क्षणात जळतात. जोडणीसोबत प्लगही बदलावे लागतात. नव्या कॉमन रेल गाड्यांना तर हात लावू नये. त्यांतले बरेच प्लग चार-सात व्होल्टवर चालतात आणि संगणक ते सांभाळतो.

बटण हाती आलं की माणूस ते दाबूनच ठेवतो, ही दुसरी अडचण. दहा-पंधरा सेकंद पुरेत. जास्त झालं की प्लगचं टोक फुगू शकतं, इंजिनाच्या हेडमध्ये अडकतं आणि काढताना मोडून आत पडतं. हवेच्या तोंडाशी स्टार्टिंग स्प्रे मारत असाल, तर हीटर बंदच हवा. तापल्या टोकावर तो स्प्रे स्फोट घडवतो.

प्लग तपासायला महागडं यंत्र लागत नाही. प्लगची वायर सोडवून बॅटरीचं धन टर्मिनल आणि प्लगचं बाहेरचं टोक यांच्यामध्ये चाचणीचा बल्ब धरा. बल्ब लागला, तर आतली तार शाबूत आहे. आणि पहाटे अंधारात तेवढंही जमत नसेल, तर हेडलाइट लावून बटण दाबा. दिवे किंचित मंदावले, म्हणजे प्लगांकडे प्रवाह वाहू लागला आहे. मंदावले नाहीत, तर सेल मारून बॅटरी संपवू नका. आधी टर्मिनल पाहा.