गोष्टीची पातळी मोजायची कशी?

मुलांना वाचायला द्यायचे काय, हा प्रश्न आता तसा उरलेला नाही. ‘प्रथम बुक्स’चे ‘स्टोरीवीव्हर’ सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाले आणि चित्रमय गोष्टी अनेक भाषांत, मराठीतही, मोफत मिळू लागल्या. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांबरोबर मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांचा साठाच आहे. अडचण वेगळीच आहे. संध्याकाळी कामावरून दमून आलेल्या आईकडे किंवा आठवड्यातून एकदा शाळेत वाचन घ्यायला जाणाऱ्या माझ्यासारख्याकडे वेळ असतो जेमतेम पाऊण तास. एवढ्या ढिगातून नेमकी गोष्ट निवडायची कशी? निवड चुकली तर तोटा मुलाचा होतो. ‘पहिल्या पातळीची’ गोष्ट न जमलेले मूल स्वतःला मठ्ठ समजू लागते, आणि मोठी माणसेही लगेच तसेच समजतात.

स्टोरीवीव्हरवर गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. पहिलीत सोपे शब्द, पुनरावृत्ती आणि २५० पेक्षा कमी शब्द, दुसरीत सुमारे ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत, त्यापुढे चौथी. व्यवस्था उत्तम आहे आणि गर्दीच्या वेळी तिचा आधारही वाटतो. पण शब्दसंख्येच्या मापाने मराठी मोजता येते का, हे तपासायला हवे.

इंग्रजीतले एक साधे वाक्य घेऊ : ‘द बर्ड सॅट ऑन द ब्रँच ऑफ द ट्री’. शब्द नऊ. मराठीत ‘पक्षी झाडाच्या फांदीवर बसला’. शब्द चार. संख्या निम्म्याहून खाली आली, म्हणजे वाक्य सोपे झाले का? उलट. इंग्रजीत सुटी राहणारी ‘ऑन’, ‘ऑफ’ ही अव्यये मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय होऊन नामाला चिकटतात, नामाचे सामान्यरूप होते, आणि मुलाला ओळखीचा ‘झाड’ हा शब्द ‘झाडाच्या’ या वेषात भेटतो. शिवाय ‘क्ष’ आणि ‘च्या’ ही दोन जोडाक्षरे. मराठी वाचायला शिकणाऱ्या मुलाची ठेच लांबीपेक्षा इथे लागते. त्याच चित्राखाली ‘चिमणी झाडावर बसली’ असे लिहिले तर जोडाक्षर एकही नाही. चांगला अनुवादक हे आपसूक करतो. पण अनुवाद मूळ गोष्टीचीच पातळी घेऊन आला, तर त्या चिठ्ठीवरून यातले काहीच कळत नाही.

म्हणून मी एक घरगुती माप वापरतो. गोष्ट उघडली की पहिली चार पाने घ्यायची आणि जोडाक्षरे मोजायची. दोन मिनिटे लागतात. मग त्यांतली नेहमीची कोणती आणि परकी कोणती ते पाहायचे. ‘म्ह’ हे नेहमीचे. गोष्टीत कोणीतरी ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ असतेच. ससा असो की राजा, बोलल्यावाचून गोष्ट पुढे जात नाही. ‘च्या’, ‘त्या’, ‘ल्या’, ‘झ्या’ यांचेही तसेच : आईच्या, होत्या, गेल्या, माझ्या. ही पाच अक्षरे फळ्यावर लिहून, चित्रासारखी नजरेने ओळखायला लावली, तर निम्मा अडसर गोष्ट उघडण्यापूर्वीच दूर होतो. इंग्रजी शाळांत ‘सेड’, ‘द’ असे शब्द नजरेनेच शिकवतात. आपल्याकडे मात्र जोडाक्षरे बाराखडी संपेपर्यंत रांगेत उभी राहतात. परकी म्हणजे ‘प्रश्न’, ‘स्वप्न’, ‘वृक्षारोपण’ वगैरे. तशी पानागणिक दोन-तीन दिसली की ती गोष्ट मुलाला वाचायला द्यायची नाही, आपण वाचून दाखवायची. वाचून दाखवण्याच्या गोष्टी वेगळ्या आणि मुलाने स्वतः वाचण्याच्या वेगळ्या. एवढा भेद केला तरी पालकांचा पुष्कळ त्रास वाचेल.

साधन मुलाच्या मापाचे करणे ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. त्या मानाने गोष्टीतला एक शब्द बदलणे किरकोळ काम आहे.

पण बदलायची परवानगी असते का? इथे ‘मोफत’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करायला हवेत. बालभारतीचे पुस्तक उतरवून घेणे मोफत आहे, पण त्याचे हक्क मंडळाकडे आहेत आणि लेखी परवानगीशिवाय त्यातला भाग उद्धृत करता येत नाही, अशी सूचना पुस्तकातच छापलेली असते. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टींना ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चा ‘सीसी बाय ४.०’ हा परवाना आहे. त्यानुसार गोष्ट छापा, वाटा, बोलीत आणा, वाक्ये सोपी करा, अगदी विकाही. अट एवढीच : मूळ कर्त्यांची नावे आणि परवान्याचा उल्लेख ठेवायचा, आणि बदल केला असेल तर तसे सांगायचे. ही मोकळीक आमच्या वाचनगटांत फारशी कोणी वापरत नाही. आहे तसे छापतात, आणि मुले अडखळली की मुलांना बोल लावतात.

शाळेत नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून पीडीएफ घरूनच उतरवून न्यावी. रंगीत छपाई परवडत नाही. काळ्या-पांढऱ्या प्रतीत गडद पार्श्वभूमीवरची अक्षरे बुडतात, तेव्हा पांढऱ्या पानावर मजकूर असलेल्याच गोष्टी निवडाव्यात. आणि शेवटचे श्रेयनामावलीचे पान. कागद वाचवायला झेरॉक्सवाला ते हमखास गाळतो. लेखक, चित्रकार, अनुवादक आणि परवाना, शिवाय ‘वाक्ये सोपी केली आहेत’ ही एक ओळ, हे सारे मी आता पहिल्याच पानाच्या तळाशी हाताने लिहून देतो.