भिंतीवरचा बोरघाट: जुना फोटो पुरावा म्हणून कसा वाचायचा?

मुलुंडमध्ये एखाद्या कॅफेत, दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्ये किंवा नव्या टॉवरच्या लॉबीत तुम्ही तो फोटो पाहिला असेल. तपकिरी रंग, दगडी कमानी, अर्धवट बोगदा, बाजूला टोपीवाला साहेब आणि मागे मुंग्यांसारखी माणसं. खाली कधी 'जुनी मुंबई' लिहिलेलं असतं, कधी 'पहिली रेल्वे, 1853'. मुलुंडला तो लावणं तसं चुकीचं नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी याच पट्ट्यातून गेली. पण मुंबई-ठाणे मार्ग बहुतेक सपाट जमिनीवरचा आहे. तुमच्या फोटोत डोंगर फोडलेला दिसत असेल तर तो 1853 चा असणं अवघड, बोरघाटाचा असणं जास्त शक्य. घाटाचं काम 1856 ला सुरू झालं आणि एप्रिल 1863 मध्ये मार्ग खुला झाला.

थोडक्यात, फोटोखालची ओळ हा पुरावा नाही, तो दावा आहे आणि तो तपासायचा असतो. एक उदाहरण घेऊ. 'दापुरी पूल, 1855' अशा ओळीसह पुलावरून जाणाऱ्या गाडीचं एक चित्र इंटरनेटवर फिरतं, कधी ठाण्याच्या नावाने, कधी मुंबईच्या. दापुरी म्हणजे पुण्याजवळची दापोडी, जिथे कंपनीच्या काळात वनस्पती उद्यान होतं. पण खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला 1858 मध्ये. ठाणे-कल्याण मार्ग मात्र खाडी ओलांडून 1854 लाच सुरू झाला होता. म्हणजे 1855 ला चालती गाडी खरी असेल तर जागा दापोडी नाही, आणि जागा दापोडी असेल तर साल नंतरचं. एवढ्यावरून निकाल लागत नाही, पण पुढे काय शोधायचं ते ठरतं. संशोधनाचा प्रश्न बरेचदा असाच सापडतो: दोन तारखा शेजारी ठेवल्या की त्या भांडायला लागतात.

आता फोटोतल्या माणसांकडे या. माझ्या मते खरी गंमत इथे आहे आणि प्रबंधांत नेमकी हीच जागा सुटते.

त्या काळी काचेच्या पट्टीवर ओलं कोलोडियन लावून फोटो काढत. ही पद्धत 1851 ची. पट्टी ओली असतानाच फोटो काढून धुवायचा, म्हणजे अंधारी राहुटी सोबतच न्यायची. शिवाय एका फोटोला बरेचदा काही सेकंद लागत. घमेलं उचलून चालणारा माणूस तेवढ्यात पुसट होतो किंवा दिसतच नाही. मग ठळक कोण दिसतं? ज्यांना 'हलू नका' असं सांगितलंय ते. म्हणून अशा फोटोंत काम दिसत नाही, थांबवलेलं काम दिसतं. 'फोटोत बायका-मुलं नाहीत, म्हणून ती कामावर नव्हती' असं कुणी लिहिलं तर ते सरळ चूक आहे. माती वाहायला बायका-मुलं होती, हे लिखित नोंदींतून कळतं. इयन कर यांचं या बांधकामावरचं 1995 चं पुस्तक त्यासाठी जरूर वाचा. 1861 च्या सुरुवातीला घाटात 42,000 च्या वर माणसं होती, असा आकडा त्यात मिळतो. फ्रेममध्ये त्यातली किती मावतात, मोजून बघा.

फोटोत न मावणारं आणखी एक आहे. मुंबई-ठाणे मार्गाचं काम फाविएल आणि फाउलर या ठेकेदारांनी केलं. त्यातल्या फाविएलकडेच पुढे बोरघाटाचा ठेका गेला. जानेवारी 1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून तिथे दंगल झाली आणि त्याच वर्षी त्याने काम सोडलं. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका सांभाळला आणि दोन व्यवस्थापकांकरवी काम पुरं करून घेतलं. घाटाच्या फोटोंचा एक अल्बमही तिच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे कॅमेरा कामाची मालकी असलेल्या बाजूला उभा आहे. फोटो खोटा ठरत नाही, पण तो कुठून पाहतोय ते कळतं. मजुरीच्या भांडणांसाठी 1860 मध्ये एक कायदाही आला. तो फोटोशेजारी ठेवून वाचा, मग ती स्तब्ध रांग वेगळी दिसते.

भिंतीवरच्या प्रिंटबद्दल थोडक्यात. अल्ब्युमेन कागदाचा रंग मुळातच तपकिरी असतो, पण दुकानातला गडद तपकिरी रंग बरेचदा संगणकावरचा. प्रिंट सोफ्याच्या मापाने कापलेला असू शकतो, उलटाही छापलेला असू शकतो. त्यामुळे प्रबंधात तो तसाच चिकटवू नका. मूळ प्रत गाठा, तिच्या मागे काय लिहिलंय ते पाहा, अल्बममध्ये तिच्या आधी आणि नंतर काय लावलंय ते टिपा. खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन दिसत असेल तर 1929 ही वरची मर्यादा धरता येते, कारण तेव्हा ते वापरातून गेलं.

लिखित बाजूसाठी फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहे. मुलुंडहून सीएसएमटी लोकल पकडा, पुढे चालत जाता येतं. मार्गदर्शकाचं पत्र आणि ओळखपत्र सोबत ठेवा. सूचीत 'छायाचित्र' शोधत बसू नका. 'रेल्वे' आणि 'सार्वजनिक बांधकाम' यांखाली 1859 आणि 1860 ही दोन वर्षं आधी मागवा.