मांसाची टंचाई आणि भाववाढ : 2020 मधील दोन घटनांचे विवेचन

प्रस्तावना

अन्नटंचाईची वार्ता आणि प्रत्यक्ष अन्नटंचाई या दोन भिन्न बाबी आहेत. परंतु बाजारावर दोहोंचा परिणाम जवळपास सारखाच होतो. कोरोना महामारीच्या प्रारंभी, 2020 मध्ये, अमेरिकेत मांस महागले, तर महाराष्ट्रात कोंबडीचे भाव कोसळले. वरकरणी परस्परविरोधी भासणाऱ्या या घटनांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. टंचाईची हाकाटी झाली, की ती नेमकी कशाची आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

अमेरिका : जनावरे मुबलक, मांस दुर्मीळ

दक्षिण डाकोटा राज्यातील सू फॉल्स येथे स्मिथफील्ड कंपनीचा कारखाना आहे. अमेरिकेतील एकूण वराहमांसापैकी 4 ते 5 टक्के मांस तेथे तयार होत असे. कामगारांमध्ये संसर्ग पसरल्यामुळे 12 एप्रिल 2020 रोजी तो बेमुदत बंद करण्याची घोषणा झाली. देशाचा मांसपुरवठा धोक्याच्या काठावर आल्याचा इशारा कंपनीने त्याच वेळी दिला. 26 एप्रिल रोजी टायसन कंपनीने वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन अन्नपुरवठ्याची साखळी तुटत असल्याचे सांगितले. ग्राहकांनी साठे करण्यास सुरुवात केली आणि मोठ्या दुकानांनी प्रत्येकी किती मांस मिळेल यावर मर्यादा घातली.

वस्तुतः जनावरांची टंचाई मुळीच नव्हती. तुटवडा होता तो कत्तल व प्रक्रिया करण्याच्या क्षमतेचा. अमेरिकेत गोमांसाच्या बाजारपेठेचा सुमारे 85 टक्के आणि वराहमांसाच्या बाजारपेठेचा सुमारे 70 टक्के हिस्सा प्रत्येकी चार बड्या कंपन्यांच्या हाती आहे. मोजके प्रचंड कारखाने बंद पडताच सर्व प्रवाह एका अरुंद मुखापाशी अडला. सुमारे सहा महिन्यांत विक्रीयोग्य होणारे डुक्कर अधिक काळ पोसणे परवडत नाही. शिवाय मागची खेप गोठ्याची वाट पाहत असते. परिणामी, दुकानांतील फळ्या रिकाम्या असताना शेतकऱ्यांवर निरोगी जनावरे मारून पुरण्याची वेळ आली.

या कोंडीचे प्रतिबिंब भावांत उमटले. शेतकऱ्याला जिवंत जनावराचा भाव कमी मिळू लागला, तर ठोक बाजारातील गोमांसाचा भाव एप्रिलच्या प्रारंभापासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत दुपटीच्या आसपास गेला. जून 2020 मध्ये किरकोळ गोमांस वर्षभरापूर्वीच्या तुलनेत सुमारे 25 टक्क्यांनी महाग होते. उत्पादक आणि ग्राहक दोघेही तोट्यात, आणि दोन भावांमधील अंतर मात्र प्रक्रिया करणाऱ्यांकडे, अशी ही स्थिती होती.

भीतीची किंमत

28 एप्रिल 2020 रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 1950 च्या संरक्षण उत्पादन कायद्याचा आधार घेऊन मांस कारखाने चालू ठेवण्याचा आदेश काढला. या आदेशाची किंमत रांगेत खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या मजुरांनी चुकविली. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, महामारीच्या पहिल्या वर्षात पाच मोठ्या कंपन्यांतील किमान 59,000 कामगार बाधित झाले व 269 मृत्युमुखी पडले. मार्च 2020 मध्ये शीतगृहांत सुमारे 28 कोटी किलो वराहमांस साठविलेले होते व निर्यातही चालू होती. हे लक्षात घेऊन टंचाईचा दावा निराधार असल्याचा निष्कर्ष उपसमितीने 2022 मध्ये काढला. उद्योगसंघटनेने तो अमान्य केला. तथापि टंचाईचे भय हे धोरण ठरविणारे साधन बनू शकते, ही बाब त्यातून अधोरेखित झाली.

महाराष्ट्र : अफवेतून स्वस्ताई, स्वस्ताईतून महागाई

महाराष्ट्रात भय होते ते वेगळ्या स्वरूपाचे. कोंबडीच्या मांसातून कोरोना पसरतो, ही अफवा फेब्रुवारी 2020 पासून समाजमाध्यमांवर पसरली. शासकीय यंत्रणांनी खुलासे करूनही मागणी आटली आणि मार्चमध्ये मांसल कोंबडीचा भाव उत्पादनखर्चाच्या निम्म्याहूनही खाली गेला. अनेक पोल्ट्रीधारकांनी पक्षी मिळेल त्या भावाने विकले किंवा नष्ट केले. कोंबडीखाद्याची मागणी घटल्यामुळे मका उत्पादकांनाही झळ बसली; प्रतिक्विंटल 1,760 रुपये हमीभाव असताना बाजारभाव त्याखाली राहिला.

मांसल कोंबडी साधारण सहा आठवड्यांत तयार होते. मार्चमध्ये शेडमध्ये पिले सोडलीच गेली नाहीत, त्यामुळे अफवा ओसरून मागणी परतली तेव्हा पक्षी कमी होते आणि भाव वर चढले. अर्थात, मुळात नसलेली टंचाई अफवेनेच निर्माण केली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की मांसाची भाववाढ ही नेहमीच उत्पादन घटल्याची खूण नसते. अमेरिकेत क्षमतेची टंचाई होती, तर महाराष्ट्रात विश्वासाची. दोन्ही ठिकाणी मालाला मधल्या काळात थांबता येत नव्हते. धान्य कोठारात राहते, जिवंत पक्षी व जनावर राहत नाही. म्हणूनच विखुरलेली प्रक्रियाकेंद्रे, शीतगृहांतील साठ्यांची नियमित जाहीर माहिती आणि अफवेला पहिल्याच आठवड्यात दिलेले अधिकृत उत्तर यांची गरज आहे. अशा व्यवस्थेअभावी टंचाईच्या प्रत्येक हाकाटीचा भार शेतकरी, मजूर आणि ग्राहक यांच्याच माथी येत राहील.