यवतमाळचा मध्याह्न

घड्याळात बाराचे ठोके पडले की मध्याह्न झाला, ही समजूत यवतमाळ जिल्ह्यातील सुशिक्षितांतही दृढ आहे. परंतु १९०६ साली प्रचारात आलेली भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कलांच्या, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावरून मुक्रर झालेली असून (ती नागपूरच्या शून्य मैलाच्या स्तंभावरून ठरली असे सांगणारेही भेटतात, ते निराधार आहे), यवतमाळ शहर त्या रेषेच्या पश्चिमेस सव्वाचार अंशांहून थोडे अधिक अंतरावर असल्यामुळे, अंशामागे चार मिनिटे या हिशेबाने, येथील मध्याह्न सरासरीने बारा वाजून सतरा-अठरा मिनिटांनी होतो. फेब्रुवारीच्या मध्यास तो साडेबाराही ओलांडतो, नोव्हेंबरच्या आरंभी बाराच्या अगदी निकट येतो. बाराच्या आत मात्र वर्षातून एकदाही होत नाही. जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही वणीचा मध्याह्न उमरखेडच्या सुमारे पाच मिनिटे आधी होतो.

एका रेखांशावरील गावी सूर्य एकाच क्षणी उगवतो, हाही भ्रमच. देहरादून, आग्रा, यवतमाळ आणि मदुरा ही नगरे ७८ अंशांच्या रेषेलगत जवळजवळ एका ओळीत असून त्यांचा मध्याह्न मिनिटभराच्या आतबाहेर एकच आहे. तथापि उदय अक्षांशावरही अवलंबून असल्याने जूनअखेरीस देहरादूनला सूर्य यवतमाळच्या सुमारे वीस मिनिटे आधी, तर मदुरेस तितकाच उशिरा दिसतो, आणि डिसेंबरात हा क्रम उलटतो.

याच रेषेच्या आसपास विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ आरंभिलेली महामोजणी दक्षिणेतून वऱ्हाडच्या मुलखापर्यंत आली. शेजारच्या हिंगणघाटास १८२३ साली त्यांचा देहान्त झाला आणि पुढील काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. रेखांश आखण्यासाठी हा खटाटोप झाला असे बहुधा मानले जाते. वस्तुतः रेखांशाच्या दिशेने जाताना अक्षांशाचा एकेक अंश जमिनीवर किती लांब भरतो हे मोजून पृथ्वीचा आकार निश्चित करणे, हा तिचा मुख्य हेतू होता. रेखांशांमधील अंतर मात्र सर्वत्र सारखे नसते: विषुववृत्तावर अंशास १११ किलोमीटर, यवतमाळपाशी सुमारे १०४, आणि ध्रुवावर शून्य.

संकष्टीस दिनदर्शिकेतील मुंबईचा चंद्रोदय पाहून उपास सोडणारा यवतमाळकर, मुंबई सव्वापाच अंश पश्चिमेस असल्यामुळे, वीसेक मिनिटे विनाकारण उपाशी राहतो.