‘ऑर्गॅनिक’चा फंडा काय?

सुपरमार्केटच्या एका रॅकवर साधा गहू, शेजारी ‘ऑर्गॅनिक’ गहू. दिसायला सेम टू सेम, किमतीत मात्र सॉल्लिड फरक! कुणी ‘हेल्दी असेल’ म्हणून घेतं, कुणी ‘सगळी मार्केटिंगची चाल’ म्हणत ट्रॉली पुढे ढकलतं. पण या जादा पैशांत आपण नेमकं काय विकत घेतो?

गणित सुरू होतं खतापासून. युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत जवळपास २१ किलो. सबसिडीमुळे ही गोणी तीनशे रुपयांच्या आत मिळते आणि बाइकवर टाकून नेता येते. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. तेवढंच नत्र त्यातून द्यायचं तर चार टन शेणखत हवं! तेवढी गुरं, तेवढी माणसं आणायची कुठून? मग ताग-धैंचा पेरून तो जमिनीत गाडायचा, गव्हाआधी मूग-उडीद घ्यायचे. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात. तणनाशक बंद, म्हणजे खुरपणी आली आणि तिची मजुरीही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. सेंद्रिय शेतात फवारणी होतच नाही, असं नाही. निंबोळी अर्क चालतो, मर्यादेत बोर्डो मिश्रणही चालतं. कृत्रिम कीटकनाशकं चालत नाहीत. आणि त्याचा पहिला फायदा आपल्या पोटाला नाही, फवारणाऱ्याला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा जीव गेला होता.

खरी कसोटी असते ती सुरुवातीची दोन-तीन वर्षं. रसायनं थांबली म्हणून शेत लगेच ‘ऑर्गॅनिक’ होत नाही. नियमानुसार हंगामी पिकांना साधारण दोन, तर फळबागांना तीन वर्षं थांबावं लागतं. या काळात उत्पन्न बऱ्याचदा घटतं आणि ऑर्गॅनिकचा भावही मिळत नाही. कित्येक जण इथेच माघार घेतात. श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, तेव्हा भाताचं उत्पादन कोसळलं आणि त्याच वर्षी निर्णय फिरवावा लागला.

त्यामुळे पुढच्या वेळी पाकिटावरच्या हिरव्या पानांच्या चित्रावर जाऊ नका (ते कुणीही छापतं!). ‘जैविक भारत’चा लोगो शोधा, सोबत ‘इंडिया ऑर्गॅनिक’ किंवा ‘पीजीएस-इंडिया’ची खूण बघा. पीजीएसमध्ये शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची तपासणी करतो. त्यातच ‘पीजीएस-ग्रीन’ असं लिहिलेलं दिसलं, तर तो माल याच अधल्यामधल्या वर्षांतला असतो. त्याला गिऱ्हाईक सगळ्यात कमी आणि गरज सगळ्यात जास्त.